धोंडी आधी विचारतो

धोंडिरामचं कुणी कौतुक करायला लागलं की माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी पुढं जे सांगीन त्यातलं किती घ्यायचं आणि किती सोडायचं ते तुम्हाला ठरवता येईल. चौतीस वर्षं झाली, हे दुखणं काही जात नाही. बायको म्हणते, एवढ्या दिवसांत मुतखडासुद्धा पडून गेला असता.

धोंडी जतला असतो. गावाबाहेर रस्त्याला लागून पत्र्याची शेड आहे, तिच्यावर पाटी नाही, आत धड उजेड नाही. चष्म्याची एक काडी गेली आहे, तिथं दोरा बांधलाय. तो दोरासुद्धा मी पहिल्यांदा बघितला त्याला सहा वर्षं झाली. माझं गॅरेज शिराळ्याला बायपासवर आहे. 'नाथाजी ऑटो वर्क्स' अशी लाईटची पाटी, गाडी उचलायला दोन रॅम्प, नव्या गाड्यांचे फॉल्ट दाखवणारं मशीन, गिऱ्हाइकाला बसायला सोफा. घरचा चार एकर ऊस आहे, तो वेगळा. मग मला कशाचा हेवा वाटावा? पण वाटतो. कारण सांगली, मिरज, पार विजापूरकडची माणसं माझ्या सोफ्यावर न बसता जतच्या त्या पत्र्याखाली जाऊन उकिडवी बसतात.

ती माणसं एकाच जातीची गाडी घेऊन जातात. कधी चालू होते, कधी होत नाही, अशी. ठार बंद पडलेली गाडी कुणीही दुरुस्त करील. जे मेलंय ते शोधायचं, बदलायचं, झालं. पण सकाळी एका सेल्फला चालू होणारी, दुपारी बाजारात नुसतं 'टक्' करून गप्प बसणारी आणि मिस्त्रीच्या दारात आणली की पुन्हा गुणी लेकरासारखी वागणारी गाडी म्हणजे मिस्त्रीची अब्रू काढायलाच जन्माला आलेली असते. जुन्या गाड्यांत हे फार. तिथं मशीन लावायला जागाच नसते. तिथं लागतो धोंडी.

आम्ही दोघं एकाच वस्तादाच्या हाताखाली तयार झालो. कोंडीबा वस्ताद. माधवनगरला गिरणीच्या मागं त्यांचं गॅरेज होतं. एक्क्याण्णव साली आम्ही दोघं एकाच आठवड्यात तिथं लागलो, दोघंही एकोणीस वर्षांचे. मी शेतकऱ्याच्या घरातला, अंगानं दणकट, बोलायला चटपटीत. धोंडी जत तालुक्यातल्या बौद्ध वस्तीतला, काटकुळा, निम्मा कानडी. डोकं चालवायला लागला की ओंदु, एरडु, मूरु असं कानडीत पुटपुटायचा. मला वाटलं होतं, हा महिनाभर टिकायचा नाही.

वस्ताद फार बोलत नसत. काम झाल्यावर आम्ही फॉल्ट सांगायचा, त्यांनी ऐकायचं. पटलं तर म्हणायचे "बराबर." नाही पटलं तर "आनि बघ." एवढंच. पगारवाढीपेक्षा त्या 'बराबर'ची किंमत जास्त होती. धोंडीला ते पहिल्या तीन महिन्यांत मिळालं. मला "आनि बघ" मिळत राहिलं, आणि किती वर्षं मिळत राहिलं ते पुढं कळेलच.

धोंडीचं ते पहिलं 'बराबर' मला तारखेसकट आठवतं. दुधाचा एक टेंपो होता, तो फक्त सोमवारी सकाळी चालू व्हायचा नाही. बाकीचे सहा दिवस अगदी नीट. मी दोन दिवस त्याच्या इंजिनात हात काळे केले. धोंडीनं बॉनेटला बोटही लावलं नाही. ड्रायव्हरला चहा दिला आणि विचारत बसला. सोमवारीच का बंद? रविवारी काय करता? ड्रायव्हर म्हणाला, रविवारी सुट्टी, सासुरवाडीला जातो. गाडी कुठं उभी करता? सासऱ्याच्या घरासमोर चढ आहे, तिथं. तोंड वर का खाली? वर. धोंडी उठला, खाली वाकून डिझेलचा पाईप शेवटपर्यंत चाचपला, आणि टाकीजवळ केसाएवढी चीर दाखवली. गाडी रात्रभर तोंड वर करून उभी राहिली की डिझेल मागं टाकीत उतरायचं आणि पाईपात हवा भरायची. वस्ताद म्हणाले, "बराबर." मी त्या दिवशी जेवलो नाही.

तेव्हापासून त्याची तीच तऱ्हा. गाडी आली की आधी विचारतो. "कवा बंद पडली? त्याच्या आदी काय केलंता? उन्हात हुती का सावलीत? पाऊस झालता का? कोन चालवत हुतं?" गिऱ्हाईक कंटाळतं, घड्याळ बघतं, हा आपला चहाचे फुरके मारत विचारतोच. आणि फुरका असा मारतो की शेजारच्या दुकानात ऐकू जावा. मला त्याचं हे विचारणं कमीपणाचं वाटायचं. मिस्त्रीनं विचारलं म्हणजे त्याला कळत नाही, असं गिऱ्हाईक समजणार. मी गाडी आली की बॉनेट उघडतो. समोरच्याला बरं वाटतं. फॉल्ट सापडतोच असं नाही, पण बरं वाटतं.

एका गोष्टीत मात्र मी धोंडीवर मात केली होती, आणि ती मी जपून ठेवली होती. खंडेनवमीला गॅरेजात हत्यारांची पूजा व्हायची. सगळे पाने, हातोड्या, जॅक धुऊन मांडायचे, आणि मग वस्तादांच्या जीपवर नारळ फोडायचा. तो मान वस्तादांनी मला दिला. धोंडीच्या घरात बावीस प्रतिज्ञा पाळायचे, तो पूजेला हात लावायचा नाही. तो मुकाट्यानं गॅरेज झाडून घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पांढरा शर्ट घालून सांगलीला धम्मचक्र दिनाच्या मिरवणुकीत जायचा. नारळ माझा. एका दणक्यात दोन शकलं करायचो मी. वस्ताद संध्याकाळी मला घरी जेवायला घेऊन जायचे. पुरणपोळी खाताना मला वाटायचं, बस झाडत.

पुढं गॅरेज बंद झालं. धोंडीची आई आक्काताई अंथरुणाला खिळली म्हणून तो जतला गेला. मी शिराळ्याला आलो. आणि पंधरा वर्षांमागं वस्तादांनीही सांगलीतला बाडबिस्तरा आवरून शिराळ्याजवळच्या त्यांच्या रानात घर बांधलं. माझ्यापासून सहा किलोमीटर आणि धोंडीपासून शंभराच्या वर. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वस्ताद आता माझे एकट्याचे झाले होते. वस्तादांची बायको, आमच्या काकी, गेल्यावर ते एकटेच राहायला लागले. पोरगा पुण्याला. सोबतीला ती जीप, मिलिटरीच्या लिलावातली, आम्हीच माधवनगरला उभी केलेली. आता वस्तादांचं वय ऐंशीला आलं, पण आठवड्याचा बाजार ते स्वतः जीप चालवत करतात.

मी दर अमावस्येला जायला लागलो. जीप धुवायची, हार घालायचा, आणि पुढच्या बंपरमागं जो लोखंडी हुक आहे त्याच्यावर नारळ फोडायचा. खंडेनवमीला तर चेसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, काळा रंगही द्यायचो, कसा चकचकीत. वस्ताद लिंबाखाली खाटेवर बसून बघायचे. आम्ही फार बोलायचो नाही. मी खोबरं द्यायचो, ते चावायचे, मी निघायचो. पण दर वेळी मनात एक आशा असायची. कधीतरी, मरायच्या आधी, हा म्हातारा माझ्या कामाकडं बघून 'बराबर' म्हणेल.

आणि संधी चालून आली. गेल्या संक्रांतीपासून जीप त्रास द्यायला लागली. सेल्फ मारला की 'टक्'. पुन्हा मारला की 'टक्'. तिसऱ्यांदा काहीच न झाल्यासारखी चालू. कधी आठवडाभर काही नाही, कधी एका दिवसात चारदा. मी मनात म्हटलं, नाथाजी, हीच ती गाडी. हा फॉल्ट तू काढायचास.

मी आधी बॅटरी बदलली. मग सेल्फची मोटर उघडून ब्रश नवे घातले. मग तिच्यावरचं सोलेनॉईड. मग चावीचा स्विच. दर वेळी जीप माझ्या गॅरेजात आणायची, वीस वेळा सेल्फ मारायचा, वीस वेळा चालू. वस्तादांना म्हणायचं, "झालं वस्ताद. निघाला फॉल्ट." आठ दिवसांनी त्यांचा फोन, "नाथा, परत तसंच हाय. आनि बघ." पाच महिन्यांत चार वेळा "आनि बघ" ऐकलं मी. त्रेपन्न वर्षांच्या माणसाला, ज्याच्या हाताखाली तीन मिस्त्री आहेत.

एक गोष्ट मला दिलासा द्यायची. अमावस्येला जीप कधीच दगा देत नव्हती. नारळ फोडला, सेल्फ मारला की पहिल्या झटक्यात चालू. मी म्हणायचो, "बघा वस्ताद, देवाला माजा हात आवडतो." हसत म्हणायचो, पण मला ते खरंच वाटत होतं.

जूनमध्ये एका बाजारच्या दिवशी जीप ओढ्यापाशी बंद पडली. वस्ताद पिशव्या घेऊन काठी टेकत घरी चालत गेले, उन्हातान्हात. मला दुसऱ्या दिवशी दुधवाल्याकडून कळलं. मी गॅरेज सोडून पळत गेलो. बघतो तर जीप दारात ओढून आणलेली, वस्ताद खाटेवर, आणि खाटेच्या पायाशी दगडावर बसलेला धोंडिराम. मांडीवर कापडी पिशवी, हातात कपबशी. पहाटेची एसटी धरून आला होता.

"ये रं नाथा," तो म्हणाला. "वस्तादांनी फोन केलता."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सहा किलोमीटरवर मी असताना शंभर किलोमीटरवर फोन! मला एका शब्दानं सांगितलं नाही. मी वस्तादांकडं बघितलं, तर ते जीपकडं बघत होते.

धोंडीचं विचारणं चालूच होतं. ज्या वस्तादांना आम्ही कधी उलटा प्रश्न विचारायची हिंमत केली नाही, ते म्हातारे शाळेतल्या पोरासारखी उत्तरं देत होते. मग तो माझ्याकडं वळला. "नाथा, तू काय काय बदललंस?"

मी सगळं सांगितलं. मुद्दाम ऐटीत सांगितलं. तो बोटं मोजत पुटपुटला, "ओंदु, एरडु, मूरु, नाक्कु." मग म्हणाला, "म्हंजी एवढं सगळं चांगलं हाय, हे तू ठरवून दिलंस. लय बरं झालं."

मला कळेना, हा मला चिडवतोय का खरं बोलतोय. त्याचं हेच वाईट. तो कधी चिडवतच नाही.

मग त्यानं वस्तादांना असा एक प्रश्न विचारला जो माझ्या डोक्यात पाच महिन्यांत एकदाही आला नव्हता. "वस्ताद, बंद कवा पडती ते ऱ्हाऊ द्या. हमखास चालू कवा हुती?"

वस्तादांनी विचारसुद्धा केला नाही. "अवसंला. नाथा नारळ फोडतो त्या दिशी. फुडं दोन-तीन दिस बी काय करत न्हाई. मागल्या अवसंला शुक्रवार हुता, त्यो अकराला आलता. त्याच्या आदल्या अवसंला जरा उशिरा आला, त्येचा पाव्हना गेलता."

माझी छाती फुगली. मी धोंडीकडं असं बघितलं की, घे, हा आमचा मान. धोंडी मात्र कप खाली ठेवून माझ्याकडं एकटक बघत होता.

"नारळ कुटं फोडतोस?"

"हुकावर. आनि कुटं?"

तो उठला. जीपपाशी आम्ही दोघंच गेलो. खाट पंचवीस-तीस पावलांवर, आणि वस्तादांना आताशा मोठ्यानं बोलल्याशिवाय ऐकू येत नाही. धोंडी आत बसून एकेक सेल्फ मारायला लागला. चालू, बंद. चालू, बंद. ऐदु, आरु. सातव्याला 'टक्'. मी सवयीनं म्हटलं, "आनि एकदा मार."

"न्हाई," तो म्हणाला. "आता कशाला हात लावू नगंस. मोठ्या मुश्किलीनं बिघडलीया."

हे वाक्य मी कधी विसरणार नाही. मी आयुष्यभर गाडी बिघडली की ती चालू व्हायची वाट बघितली. तो बिघडायची वाट बघत बसला होता, आणि बिघडली तेव्हा त्यानं श्वाससुद्धा जपून घेतला. हळूच खाली उतरला, पिशवीतून एक जाड वायर काढली, तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं थेट इंजिनाच्या अंगाला. मला सेल्फ मारायला सांगितला. इंजिन धडाडलं. बंद केलं, वायर काढली, सेल्फ मारला. 'टक्'. वायर लावली, चालू. असं तीन वेळा.

मी मिस्त्री आहे. पहिल्या वेळीच मला कळलं. बॅटरीतून करंट जात होता, पण परत यायची वाट तुटत होती. बॅटरीच्या मायनसची वायर चेसीला जिथं नटानं आवळलेली असते, ज्याला आम्ही अर्थ म्हणतो, तिथं.

"अर्थचा नट घट्ट हाय," मी घाईनं म्हणालो. "मी हलवून बघितलाय."

धोंडी बंपरखाली पाठीवर पडला. "हितं रंग कुणी दिला?"

"मी. दर खंडेनवमीला देतो."

त्यानं नखानं रंग खरवडला. पाना लावला. नट कुरकुरला आणि सुटला. वायरचं टोक बाजूला झालं तशी खाली हिरवट-पांढरी खपली दिसली, आणि त्या खपलीत अडकलेला काथ्या. नारळाचा. धोंडीनं नट नाकाशी नेला, मग माझ्यापुढं धरला. "वास घे."

खवट खोबऱ्याचा वास.

हुकाच्या मागं चार बोटांवर तो नट. दर महिन्याला मी हुकावर नारळ फोडत होतो, आणि नारळाचं पाणी ओघळून बरोबर त्या सांध्यात जात होतं. पंधरा वर्षं. आतून लोखंड खाऊन टाकलं होतं, आणि वरून मी दर वर्षी काळ्या रंगानं ते झाकत होतो, कुणाला दिसू नये अशी सोय करून. आणि अमावस्येला जीप चालू का व्हायची? एवढा जोराचा दणका बसल्यावर नट जरा हलायचा आणि दोन दिवसांपुरता चिकटायचा. देवाला माझा हात आवडत होता!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धोंडीवर मात करायची एकच गोष्ट माझ्याकडं होती, आणि तीच त्यानं माझ्या नाकापुढं धरली होती. आता हा खाटेपाशी जाणार, वस्तादांना सांगणार, आणि वस्ताद माझ्याकडं बघणार. 'आनि बघ' म्हणायचीसुद्धा गरज उरणार नव्हती.

धोंडीनं सांधा कानशीनं घासून पांढरा केला, ग्रीस लावलं, नवं टोक बसवलं. वर आणखी एक वायर बॅटरीपासून सरळ इंजिनाला आवळली, म्हणजे चेसीचा भरवसाच नको. मी नुसता पाने देत होतो. वस्ताद काठी टेकत येऊन उभे राहिले.

"काय घावलं रं?"

धोंडी फडक्यानं हात पुसत मोठ्यानं म्हणाला, "अर्थचा नट, वस्ताद. आतनं गंजलाता. नाथानं काडला. म्या नुस्ता पाना लावला."

वस्तादांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बराबर."

मी 'नाही' म्हणालो नाही. तोंड उघडलं होतं, हे खरं. पण चौतीस वर्षांनी मिळालेला शब्द परत करायला तोंडात जीभच वळेना. मी खाली बघून पाने गोळा करायला लागलो.

धोंडीला स्टँडवर सोडायला मी माझ्या मोटारसायकलवरून निघालो.  स्टँडवर तो उतरला तसा मी भडकलो. "मला भीक घालतोस व्हय रं? तुला कुणी सांगितलंतं माजं नाव घ्यायला?"

तो चष्म्याचा दोरा नीट करत उभा राहिला. "नारळानं गाडी बिघडली म्हणलो असतो, तर तू परत गेला असतास तिकडं?"

मी मोटारसायकलची चावी फिरवत बसलो.

"म्हाताऱ्याला गाडी कवा कवा बंद पडली ते एक बी याद नव्हतं. म्या चारदा इचारलं. पर तू आलेल्या अवसा सगळ्या याद हायत. कवा आलास, किती वाजता आलास. त्यो वाट बघतो तुजी." मग जणू गाडीचाच फॉल्ट सांगतोय अशा आवाजात म्हणाला, "मला पंधरा वर्सांत सात फोन आले त्येंचे. सात बी गाडीसाटी. माधवनगरला असताना बी कवा जेवायला घरी चल म्हणलं न्हाईत. असू दे. शिकवलं तर समदं. नारळ फोड तू, गड्या. पर दगडावर फोड, चाकाम्होरं."

जतची गाडी लागली. तो खिडकीत बसला, आणि मला वाटलं होतं तसं त्यानं मागं वळून वगैरे काही बघितलं नाही. शेजारच्या माणसाला काहीतरी विचारायला लागला.

माझं पोटाचं दुखणं त्या दिवशी थांबायला हवं होतं. ते वाढलं. आधी मला त्याच्या डोक्याचा हेवा होता, आता त्याच्या मनाचाही वाटायला लागला. एका माणसाकडं किती गोष्टी असाव्यात? मी दर अमावस्येला ठरवून जातो की आज वस्तादांना खरं सांगायचं. दगडावर नारळ फोडतो, खोबरं देतो, ते आलेल्या-गेलेल्याला सांगत असतात, "नाथानं काडला फॉल्ट. लय दिस लावलं, पर काडला." मी खोबरं चावतो आणि घरी येतो.

त्यांच्या त्या सांगण्यानं आता तसल्या गाड्या माझ्याकडं यायला लागल्या आहेत. कधी चालू, कधी बंद. मी काय करतो ते सांगतो, आता लपवून काय उपयोग. गाडी आली की मागच्या खोलीत जाऊन धोंडीला फोन लावतो, आणि चालू फोन शर्टाच्या खिशात ठेवून बाहेर येतो. गिऱ्हाइकाला सोफ्यावर बसवतो, चहा देतो आणि विचारायला लागतो. खिशातनं तो सगळं ऐकत असतो. मग मी परत मागं जातो आणि त्यानं सांगितलेला पुढचा प्रश्न घेऊन येतो. बॉनेट शेवटी उघडतो. दहातल्या आठ गाड्यांचा फॉल्ट सापडतो. तो कधी कंटाळत नाही, कधी उपकार दाखवत नाही, आणि मला प्रत्येक वेळी तितकीच आग होते.

परवा कराडहून एक निवृत्त हेडमास्तर जुनी मोटार घेऊन आले होते. मी त्यांना अर्धा तास विचारत होतो. शेवटी ते चहाचा कप ठेवून म्हणाले, "मिस्त्री, चार गॅरेजं फिरलो. सगळ्यांनी पार्ट बदलले, पण इतकं नीट विचारलं कुणीच नाही. ही पद्धत कुणाकडून शिकलात हो?"

खिशात फोन चालू होता. मला ते माहीत होतं, अगदी त्या क्षणीसुद्धा माहीत होतं.

"कोंडीबा वस्ताद म्हणून होते माधवनगरला," मी म्हणालो. "त्यांच्याकडं."

मग मी मागच्या खोलीत गेलो आणि फोन कानाला लावला. पलीकडून काही ऐकू येईना. मला वाटलं, फोन कट झाला. तेवढ्यात चहाचा एक फुरका ऐकू आला, आणि धोंडी म्हणाला, "टाकीत डिझेल किती असतं तवा बंद पडती, तेवडं इचार त्यास्नी."

मी बाहेर जाऊन विचारलं.